दहा नंबरच्या खोलीबाहेरचा नळ

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. सध्या चेन्नईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या भंगारखोलीत, फुटक्या कमोडच्या शेजारी पडून आहे. हसू नका. बारा वर्षं मी लोकांना हसलो आहे, आणि तो हक्क फक्त माझा होता.

इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूच्या एका कारखान्यात पितळेपासून मला घडवलं आणि वर चकचकीत मुलामा दिला. हात न लावता कोपराने ढकलावा असा लांब दांडा मला होता. रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात, दहा नंबरच्या खोलीच्या दारालगत मला बसवलं. आतल्या रोग्यांच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. तुम्हाआम्हाला सर्दीही न देणारा जंतू त्यांचा जीव घेऊ शकतो. म्हणून आत जाणाऱ्याने आधी माझ्यापाशी थांबायचं, साबण लावायचा, पूर्ण मिनिटभर हात चोळायचे.

मिनिटभर! लोकांना तेवढंही जमत नसे. मोठमोठे डॉक्टर बोटांची टोकं भिजवत आणि हात झटकत निघून जात. नातेवाईक मोबाइल कानाला लावून एकच हात धुवत. मोगऱ्याचे गजरे माळून आलेल्या बायका ‘फुलं आत नकोत’ ही पाटी वाचून गजरा पर्समध्ये दडवत. अशांची मला मनापासून किळस यायची. हात कसे धुवावेत ते एकट्या रत्नप्रभा सिस्टरना ठाऊक होतं. त्या मूळच्या साताऱ्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे वेलचेरीत राहणाऱ्या. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे. त्यांच्यासाठी मी खळाळून वाहायचो.

गेल्या वर्षी दहा नंबरमध्ये रंजनी आली. वय अकरा, रक्ताचा कर्करोग. केमोथेरपीने पेशी पार तळाला गेल्या होत्या. तिला भेटायला वेस्ट मांबलमहून तिचे आजोबा आले, वेंकोबाराव. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरला राहिलेलं मराठी, बोलीही तिकडचीच. अंगावर धोतर आणि उपरणं, हातात मठातून आणलेल्या मंत्राक्षतांची पुडी.

“आजोबा, हात धुवा,” रत्नप्रभा म्हणाल्या.

“अम्मा, मीं मडींत आहें. स्नान करून आलों. ह्या नळाला कोणाकोणाचें कोपर लागलेंय. मीं शिवणार नाहीं.”

मडी म्हणजे सोवळं. रिक्षात बसून, लिफ्टचं बटण दाबून, दहा जणांच्या घामात उभं राहून ज्यांचं सोवळं शाबूत होतं, ते माझ्या साबणाने मोडणार होतं! रत्नप्रभांनी त्यांना आत सोडलं नाही. पण थोड्या वेळाने त्या शेजारच्या खोलीत रक्ताची पिशवी लावायला गेल्या, आणि हा सोवळा पुरुष दार ढकलून आत शिरला. नातीच्या डोक्यावरून त्याने हात फिरवला, अक्षता टाकल्या आणि बाहेर आला. मी दोन थेंब गाळले. थुंकता येत नाही, म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंजनीला हुडहुडी भरली. ताप एकशे दोन. रत्नप्रभांनी तपासणीसाठी रक्त काढलं, डॉक्टरांना बोलावलं आणि अर्ध्या तासाच्या आत प्रतिजैविक सुरू केलं. अशा मुलांच्या बाबतीत तासाभराचा उशीरही महागात पडतो. तीन दिवस पोर जाते की राहते असं होतं. अक्षतांची गोष्ट तिच्या आईकडून कळली आणि वेंकोबारावांना आत यायची बंदी झाली. ते बाहेरच्या बाकावर बसून राहत. त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

“मींच केलों,” असं एकदा ते स्वतःशीच म्हणाले. मी मनात म्हटलं, बस रडत. तीच तुझी लायकी.

चौथ्या दिवशी अहवाल आला. तिच्या रक्तातला जंतू पाण्यात, ओलाव्यात राहणारा होता. मग पांढऱ्या कोटातली एक बाई आली आणि तिने कापसाची काडी माझ्याच तोंडात घातली! मला हसू आलं. दिवसाला शंभरदा साबण पाहणारा मी, माझी तपासणी?

तोच जंतू निघाला, मित्रांनो. माझ्या तोटीतल्या जाळीमागे बोटभर बुळबुळीत थर होता. दर आठवड्याला जाळी काढून साफ करायची, असा तक्ता भिंतीवर होता. देखभालीचे गुरुमूर्ती दर सोमवारी त्यावर सही करून जात. जाळीला त्यांनी कधी हात लावला नाही. मलाही तो थर जाणवत होता, पण ती घाण आहे असं मला कधी वाटलंच नाही. रत्नप्रभा माझ्या शेजारच्या कट्ट्यावर रंजनीच्या औषधांचा ट्रे ठेवत, आणि माझे खळाळते थेंब त्यावर उडत. ज्यांच्यासाठी मी आनंदाने वाहिलो, त्यांच्याच हातून मी विष आत पाठवलं. वेंकोबारावांची मडी आणि माझी मडी एकाच जातीची निघाली.

मला काढून बादलीत टाकलं, नवा नळ बसवला. रत्नप्रभा बाकापाशी गेल्या.

“आजोबा, ताप तुमच्यामुळे नाही आला. या नळामुळे आला. ट्रे मीच तिथं ठेवत होते.”

आता हा म्हातारा म्हणणार, मीं सांगितलों होतों की! मी वाटच पाहत होतो. ते उठले आणि दहा नंबरच्या दाराच्या काचेकडे वळले.

“पोरीला आतां ताप?”

“आज नाही.”

“सरी, बरं. तर हात कसे धुवायचे तें दाखव, अम्मा.”

ते उपरणं खोचून नव्या नळापाशी उभे राहिले. काचेपलीकडून रंजनी पाहत होती, डोक्यावर एक केस नाही. तिने दोन्ही अंगठे वर करून हलवले. आजोबांना वाटलं ती शाबासकी देते आहे.

“अंगठे राहिले म्हणतेय ती,” रत्नप्रभा म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा साबण घेतला. बारा वर्षांत इतके नीट धुतलेले हात मी दोनच माणसांचे पाहिले, आणि दुसऱ्याचे पाहिले ते बादलीतून.

मित्रांनो, हात धुवा, अंगठ्यांसकट. आणि तुमच्या शाळेतल्या, घरातल्या नळाची जाळी आठवड्यातून एकदा खरोखर उघडा. तो कितीही चकचकीत असला आणि कितीही तोऱ्यात वाहत असला, तरी उघडा. मला कुणी उघडलं नाही.