फीत कापेपर्यंत पाणी नाही

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. पण जुना म्हणून माझी कीव करायला येऊ नका. कुंभाराने थापून थापून घडवलं, भट्टीत भाजलं, तेव्हापासून गोडदेवात गोदूबाईंच्या ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला गार पाणी पाजतोय. माझी विद्या एकच. माझ्या अंगातून पाणी झिरपतं, मला घाम येतो, म्हणून पोटातलं पाणी गार राहतं. पुढे घरोघर फ्रिज आले आणि माझ्या झाकणावर लोक चपला वाळत घालू लागले. चपला!

यंदा फेब्रुवारीतच ऊन चटके देऊ लागलं. शांती नगरात एका साहेबांची सभा ठरली आणि सभेआधी पाणपोईचं उद्घाटन. त्यासाठी आयोजक लवू मला मागायला आला, तेव्हा गोदूबाई अभिमानाने काय फुगल्या! पण त्या शहाण्याने मला चकचकीत निळा ऑईल पेंट फासला आणि झाकणाला लाल फीत बांधली. माझी सगळी छिद्रं बुजली. पोटातलं पाणी तापत चाललं आणि मी नुसता तळमळत उभा.

स्वागताला बायका सकाळपासून उन्हात. नववारी, वर फेटे. त्यांतच गोदूबाईंची सून सुगंधा, हातात आरतीचं ताट. पाहुण्यांचा पत्ता नाही.

"आई, घोटभर पाणी घेऊ?"

"थांब गं जरा. फितीआधी आपणच प्यायलो तर लोक काय म्हणतील? आपला रांजण आहे!"

"काकी, साहेब काशीमीऱ्याला पोचलेत," लवू म्हणाला.

"मघापासून काशीमीऱ्यालाच आहेत! तिथेच घर घेतलं का त्यांनी?"

मघाशी घामाने निथळणारी सुगंधा आता कोरडी पडली होती, तोंड लालबुंद. ताटासकट वाकून तिने मलाच नमस्कार केला. "या साहेब, बसा." बायका हसल्या. मला हसू आलं नाही. घाम बंद झाला की आत काय होतं, ते मी भोगत होतो. ताट खणकन पडलं, पाठोपाठ ती.

"काकी, फीत!" लवू ओरडला.

"आग लागो तुझ्या फितीला!"

गोदूबाईंनी फीत हिसकून तोडली. सुगंधाला शेजारच्या दुकानाच्या सावलीत नेलं, फेटा सोडला, माझं पाणी तिच्या अंगावर ओतलं. बायका पदराने वारा घालत होत्या. मी तळापर्यंत रिकामा झालो, पण पाणी गार नव्हतं. ती रुखरुख अजून जात नाही. मग रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं.

ती बरी होऊन घरी आली. तेव्हा गोदूबाई ओट्यावर पत्र्याच्या तुकड्याने माझा रंग खरवडत बसल्या होत्या.

"आई, राहू द्या. हात दुखतील."

"दुखू देत. तुला थांब म्हणणारी मीच ना?"

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. उन्हात ताटकळणाऱ्याला आधी सावलीत घ्या, आधी त्याच्या हातात पेला द्या. पाहुणे येतील तेव्हा येतील. माझ्या अंगावर निळे डाग राहिलेत, पण घाम पुन्हा येतोय. काल सुगंधाने माझ्या पोटावर तळवा टेकवला आणि किती तरी वेळ उचललाच नाही.

होळी अजून व्हायची आहे, खरा उन्हाळा पुढेच आहे. बाहेर उन्हात कोणी उभं आहे का, बघा बरं.