नऊशे नव्याण्णव

बेटम्याच्या अलीकडचा तिसरा पंप मागे गेला तेव्हा शशिकलाबाईंनी तिसऱ्यांदा पेट्रोलची आठवण करून दिली, आणि तिसऱ्यांदा सुजय हसला.

"आत्या, ही हायब्रिड आहे हो. तुमच्या जमान्यातली फियाट नाही. टेन्शन नका घेऊ ना."

शशिकलाबाई इंदूरच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सुजय त्यांच्या भावाचा मुलगा, इंदुरातच पलासियात ऑफिस असलेला. आज त्या निघाल्या होत्या त्या मागच्या सीटवर बसलेल्या त्याच्या मुलीसाठी. अकरा वर्षांच्या आर्याच्या मांडीवर पत्र्याचा ट्रे होता. ट्रेमध्ये काळी माती, मातीत हरभऱ्याची बोटभर रोपं, आणि वर सलाईनच्या नळ्या लावून केलेलं ठिबक सिंचन. महिनाभर दोघींनी मिळून थेंब मोजले होते. देपालपूरच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. परीक्षकांची फेरी अकराला सुरू होणार होती, आणि आर्याचं टेबल होतं एकेचाळीस नंबरचं.

समोरच्या पडद्यावर पेट्रोलचं चित्र लाल होऊन लुकलुकत होतं. सुजयचं लक्ष मात्र त्याच्या शेजारच्या आकड्यावर. नऊशे चौऱ्याऐंशी. हायब्रिडवाल्यांचा एक ग्रुप होता. एका टाकीत हजार किलोमीटर काढले की आकड्याचा फोटो टाकायचा, मग सगळे टाळ्या पाठवणार. त्यासाठी सुजयनं एसी बंद केला होता. काचाही बंद, कारण वारा आत आला की म्हणे गाडी पेट्रोल जास्त पिते. आत घामाचा वास आणि आरशाला टांगलेल्या मोगऱ्याच्या डबीचा वास एकमेकांत कालवले होते, आणि शशिकलाबाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. चाळीसच्या वेगानं गाडी सरपटत होती आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवून शिव्या घालत होते.

"पप्पा, पर इथे लिहिलंय, पेट्रोल भरा," आर्या म्हणाली.

"ते तर असंच लिहितात. रिझर्व असतो बेटा."

बेटमा मागे पडलं. आकडा नऊशे अठ्ठ्याण्णववर आला आणि इंजिनानं दोन गचके दिले. मग आवाजच बंद. गाडी मात्र बॅटरीवर चालत राहिली.

"बघा!" सुजय ओरडला. "पेट्रोल खतम, तरी चालतेय ना? ही मजा आहे!"

"सुजय, आत्ताच्या आत्ता बाजूला घे."

पडद्यावर बॅटरी, इंजिन आणि चाकांमध्ये फिरणारे बाण कशाचे, हे आर्यानं मागे एकदा विचारलं होतं. माहीत नसताना मुलांना ठोकून देणं शशिकलाबाईंना जमत नसे, म्हणून त्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पानन्‌पान वाचलं होतं. आता सहावीच्या वर्गाला सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं. "या गाडीच्या इंजिनाला वेगळा सेल्फ नाही. ही मोठी बॅटरीच त्याला फिरवून चालू करते. आत्ता थांबलास तर कुणीतरी बाटलीभर पेट्रोल आणून देईल आणि आपण निघू. बॅटरीही संपवलीस, तर मग टाकी भरूनही गाडी उठायची नाही. कळलं?"

सुजयला कळलं. समोरच्याला कळलं की नाही हे चेहऱ्यावरून ओळखण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्याला नीट कळलं होतं. आणि तरी त्यानं पाय दाबला.

"दोनच किलोमीटर, आत्या."

न समजणाऱ्या मुलाचा त्यांना कधी कंटाळा आला नव्हता. दहा वेळा सांगावं, अकराव्यांदा उजेड पडतो. पण हे वेगळं होतं. त्यांना शिसारी आली.

आकडा नऊशे नव्याण्णव झाला. थोडं पुढे जाऊन गाडीनं पीं पीं केलं आणि रस्त्याच्या कडेला निपचित पडली. दहा चाळीस झाले होते.

दुधाच्या रिकाम्या कॅनांचा पिकअप घेऊन देपालपूरकडे निघालेला एक माणूस थांबला. उदयसिंह त्याचं नाव. फवारणीच्या पंपासाठी घेतलेलं पेट्रोल त्याच्याकडे कॅनमध्ये होतं. त्यानं काही न विचारता ते टाकीत ओतलं. सुजयनं बटण दाबलं. परत दाबलं.

"भिया, ये तो सेल्फ ई नी ले री," उदयसिंह म्हणाला.

सुजयनं आत्याकडे बघायचं टाळलं. फोन केला. गाडी उचलायला माणसं इंदूरहून यायला दोन तास. फोन ठेवून तो उदयसिंहाकडे वळला. "भिया, जरा धक्का मार दो. बस थोडासा ही बचा है."

"मिस्त्री तो पीछे बेटमा में है भिया. आगे काय को धकाना?"

"हजार होना है ना."

उदयसिंहानं त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रे छातीशी धरून उभ्या असलेल्या आर्याकडे पाहिलं, आणि रस्त्यावर थुंकला. शशिकलाबाईंना एरवी रस्त्यावर थुंकणारा माणूस सहन होत नसे.

"आर्या," सुजय म्हणाला, "मॅडमना फोन लाव. सांग, रस्त्यात ॲक्सिडेंट झालाय, जाम आहे. पेट्रोलचं नको बोलू. चांगलं नाही दिसत."

आर्यानं आजीकडे पाहिलं. शशिकलाबाईंनी मान हलवली नाही, डोळेही मोठे केले नाहीत. उत्तर सांगायचं नसतं.

"मॅडम, मी आर्या," ती फोनवर म्हणाली. "लेट होणार मी. पप्पांनी पेट्रोल नाही भरलं." थोडा वेळ ऐकून तिनं फोन खाली घेतला. "आजी, मॅडम म्हणाल्या, बारापर्यंत ये. परीक्षक एक नंबरपासून येणार आहेत."

"तो बैठो ना माताजी," उदयसिंह म्हणाला. "वहीं तो जा रिया हूँ."

पिकअपमध्ये नासलेल्या दुधाचा वास होता, पण काचा उघड्या होत्या. शशिकलाबाईंनी छातीभर श्वास घेतला. बाजूच्या आरशात सुजय दिसत होता. उघड्या दारातून एक हात स्टीअरिंगवर ठेवून, खांदा लावून एकटाच गाडी ढकलत होता. त्यांनी मान वळवली.

त्या पोचल्या तेव्हा परीक्षक अडतिसाव्या टेबलाशी होते. वाटेतल्या खड्ड्यांनी दोन नळ्या निसटल्या होत्या. आर्यानं एक लावायला घेतली, शशिकलाबाईंनी दुसरी. तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला. घरच्या ग्रुपवर सुजयनं फोटो टाकला होता. आकडा १०००. खाली लिहिलं होतं, 'एका टाकीत! आर्या आणि आत्याच्या साथीनं!'

"कोण आहे आजी?"

"कुणी नाही. नळी घट्ट बसव, थेंब वाकडा पडतोय."

परीक्षक एकेचाळिसाव्या टेबलाशी आले. हरभऱ्याच्या पहिल्या रोपाशी थेंब पडला, मग दुसऱ्याशी.

"पाणी संपलं तर काय होईल?" त्यांतल्या एका बाईंनी विचारलं.

"संपायच्या आधी भरायचं," आर्या म्हणाली.