लग्नाच्या तारखेचा भागाकार

सत्तर लाख एकतीस हजार नऊशे एकाहत्तर. ही माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाची तारीख आहे: ७-०३-१९७१, मधल्या रेघा काढून.

चूक माझीच. मोहाडीच्या शाळेत मी गणित शिकवते. एकदा घरी बोलून गेले, जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या. वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या परसराम मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तेवढंच धरलं. माझ्याकडून मूळ संख्यांची यादी घेतली आणि रोज सकाळी चहाबरोबर एकेकीनं आपल्या तारखेला भागायला बसले. दोन, तीन, पाच, सात. बाकी उरली की स्वारी खूश.

"आपली तारीख कशानंच तुटत नाही, रत्ना. मालनले सांगून ठेवलं मी."

त्यांचा हट्ट मला कळत होता. लग्नाच्या आठव्या वर्षी मालनबाई, माझ्या सासूबाई, भांडून करडीला माहेरी गेल्या आणि दोन वर्षांनी स्वतःच परत आल्या. मामाजी आणायला गेले नाहीत, त्यावर कधी बोललेही नाहीत. माणसाला माफी मागणं जमत नाही, भागाकार मात्र जमतो!

मी पहिल्याच दिवशी मोबाइलवर पाहिलं होतं. ९०७ नं भाग जातो. पाच महिने तोंड शिवून बसले. यादीतून ९०७ गाळावा असंही मनात आलं, पण गणिताच्या बाईला ते शोभलं नसतं.

लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याची पाळी आली. मामाजींनी भागाकार तीनदा केला. चहा थंड झाला.

"तुटली," ते म्हणाले. डोळे भरले होते.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "काय तुटलं?"

"आपली तारीख. नऊशे सात गुणिले सात हजार सातशे त्रेपन्न. खोटं बोललो मी तुले."

मला राहवलं नाही. "मामाजी, नऊशे सात मूळच आहे. सात हजार सातशे त्रेपन्नला कशानं भाग जाईल?"

ते विचारात पडले. "कशानं जाईन? लहान साऱ्यायनं तारखेले भागून पाहिलं. याले लागले असते, त तिलेबी लागले असते." मग हळूच म्हणाले, "म्हणजे हेबी तुटत नाही."

पाच महिन्यांचा भागाकार वाया गेला नव्हता. मला फार बरं वाटलं.

"किती तुकडे झाले मंग?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन."

"अन् ते दोन?"

"ते नाही तुटत."

"मंग रडता कायले? लगन दोघायचंच होतं ना."

मामाजींनी भागाकाराची वही मिटली.

"करडीले तुले घ्याले मी याले पायजे होतो," ते म्हणाले.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "यालेच पायजे होते." आणि थंड झालेला चहा गरम करायला आत घेऊन गेल्या.