झाकणाची खिटी

"हात लावून बघा मामा, कसं खुळखुळतंय," असं म्हणत भीमसिंग वकिलांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण, खालच्या कड्यासकट, सोनाजीच्या तळहातावर ठेवलं.

सोनाजीनं ते बघितलं नाही, अंगठ्यानं चाचपलं. वाटीएवढं चकचकीत झाकण. एका अंगाला बिजागरी, दुसऱ्या अंगाला दाबून लावायची खिटी.

"बिजागरीची पिन झिजली. खिटीचं नाकबी गेलं. आन् आतली बुचाची चकती पार वाळली," तो म्हणाला. "मोटार चालली की पेट्रोल उसळत असंल."

"उसळतं आणि वास मारतो. याडी बसायलाच तयार नाही."

याडी म्हणजे वकिलांची आई, नानीबाई. ती सेनगावकडच्या तांड्यावर राहायची. तांड्यातला पहिला वकील झालेल्या तिच्या लेकानं हैदराबादच्या एका नवाबाच्या घरातून ही जुनी हिरवी मोटार घेतली होती. बिनटपाची, दोनच माणसांची, शर्यतीत पळवायच्या मोटारीसारखी. मागच्या महिन्यात त्यानं मोठ्या हौसेनं आईला तीत बसवलं. औंढ्यापर्यंत तिला तीनदा उलटी झाली आणि पुढं ती एसटीनं गेली.

"गुरुवारी भाचीचं लग्न आहे. बैलांच्या मागं चालण्यात जन्म गेला तिचा. एकदा तरी मोटारीतून उतरावी असं वाटतं. जमेल?"

"बसा लिंबाखाली. दुपारी घिऊनच जा."

पत्र्याच्या शेडमध्ये बोल्ट निवडत बसलेली त्याची बायको केशरबाई हातातला बोल्ट तसाच धरून त्याच्याकडं बघत राहिली.

वसमतमध्ये सोनाजीच्या हाताला नाव होतं. निजामाच्या काळात कापसाच्या जिनिंगमधल्या एका उस्तादाकडं तो कानस चालवायला शिकला, आणि तेव्हापासून पंप, इंजिनं, जिनिंगची यंत्रं, सगळं त्याच्याकडं यायचं. पण दोन वर्षांपासून त्याची नजर कमी होत चालली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस सुकतेय, औषधाचे थेंब घाला, आहे ते टिकलं तरी पुष्कळ. ते टिकलं नाही. आता त्याला उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, बस्स. ही गोष्ट त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. कळली असती तर हंगामाआधीचं जिनिंगचं काम पहिल्यांदा गेलं असतं. आणि भीमसिंग हे त्याच जिनिंगच्या मालकाचे वकील होते.

सोनाजीनं पोलादाचा तुकडा शिकंज्यात धरला आणि नवी खिटी घासायला घेतली. नवी, जाड पिन बसवणं बोटांच्या अंदाजानं झालं. चकतीसाठी नवं बूच केशरबाईनं कापलं. रबर पेट्रोलमध्ये फुगतं, बूच फुगत नाही, हे तिला आता पाठ होतं. अवघड होतं ते खिटीचं. ती केसभर जास्त घासली गेली तर झाकण सैल पडणार, कमी घासली तर लागणारच नाही. पारख करायची रीत अशी, की कड्याला काजळ लावायचं, झाकण दाबून उघडायचं, आणि चकतीवर काळं कुठं उमटलं ते बघायचं. जिथं उमटलं नाही तिथं फट.

हे बघणं केशरबाईचं काम. गिऱ्हाईक जवळ असलं की त्याला कळू नये म्हणून ती भाकरीचं बोलायची: काळं उमटलं तिथं भाजली, फट तिथं कच्ची.

"उजव्या अंगाला भाजली," ती म्हणाली. "डाव्या अंगाला कच्ची हाय."

सोनाजीनं कानस दोनदा फिरवली. तिनं पुन्हा काजळ लावलं.

"अजून कच्ची. वरच्या टोकाला."

"लई?"

"जरासिक."

असं चारपाचदा झालं. लिंबाखाली कागद चाळत बसलेले वकील तहान लागली म्हणून उठून शेडमध्ये आले. माठातलं पाणी घेताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या चुलीवर गेली. चुलीत विस्तव नव्हता. थंड राखेत मांजर झोपलं होतं.

वकील पाणी प्यायले आणि परत लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले. मग मात्र त्यांनी कागद उघडले नाहीत.

शेवटच्या हातात कानस निसटली. कर्र असा आवाज झाला. झाकणाच्या चकचकीत पाठीवर बोटभर ओरखडा उमटला. सोनाजी थांबला. केशरबाईनं तेलाचं फडकं त्यावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. ओरखडा काही जाईना. तिनं झाकण तसंच त्याच्या हातात दिलं. त्यानं खिटी दाबली. टक्. झाकण असं बसलं की कडं उलटं धरून त्यात पाणी भरलं तरी थेंब गळला नाही.

वकिलांनी झाकण हातात घेतलं. त्यांचा अंगठा ओरखड्यावर येऊन थांबला. त्यांनी मान वर केली. केशरबाई त्यांच्याकडंच बघत होती. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मामा," वकील म्हणाले, "नवं होतं तेव्हाही इतकं घट्ट बसत नसेल."

सोनाजीच्या चेहऱ्यावर हसू आलं. वकिलांनी कडं आणि झाकण टाकीवर बसवलं, मोटार चालू केली. केशरबाई फडकं द्यायला गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "मावशी, भाकरी छान भाजली."

मोटार वळणाआड गेली तरी ती फडकं हातात धरून उभीच होती.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. जिनिंगकडून कुणी येतंय का, म्हणून ती सारखी रस्त्याकडं बघायची. कुणी आलं नाही. गुरुवारी सकाळी मोटारीचा आवाज आला.

"तीच हाय," सोनाजी म्हणाला. "म्हातारी बसली का?"

"बसली. आरशांची ओढणी दोनी हातांनी धरून राहिली. वाऱ्यानं उडून राहिली ना."

"नाक न्हाई धरलं?"

"न्हाई वो. हसून राहिली. तुमाला हात केला तिनं."

सोनाजीनं आवाजाच्या दिशेनं हात वर केला. मोटार दूर गेली. मग तो म्हणाला, "केशर, त्यो ओरखडा लई मोठा हाय का?"

ती त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, "बोटभर हाय. तुमाला कसं कळलं?"

"कानस माझ्याच हातात व्हती. मला कळनार न्हाई?"

"मंग बोलला काहून न्हाई?"

"तू लपवून राहिली व्हती. मी बोललो असतो तर तुला तकलीफ झाली असती."

केशरबाईनं पदर डोळ्यांना लावला. सोनाजीनं चाचपत तिचा हात धरला, उलटा केला, आणि तळहातावरून अंगठा फिरवला, एखादा नवा आलेला सुटा भाग तपासावा तसा.

"बारीक काम आता माझ्या हातचं न्हाई," तो म्हणाला. "तुझ्या हातचं हाय. मी सांगतो, तू घास."

"मी? लोक हसतील."

"हसू दे. दोन वर्सं झाली, डोळा तुझा आन् नाव माझं. हे बराबर न्हाई."

पहिले पंधरा दिवस तिच्या हाताला फोड आले. कानस कधी घसरायची, कधी एकाच जागी खड्डा पाडायची. सोनाजी बाजूला बसून आवाज ऐकायचा. "दाबू नको, पुढं जाताना जोर, मागं येताना ढिली सोड." दिवाळीपर्यंत त्या घासण्याचा आवाज सरळ झाला.

हंगामाच्या तोंडावर जिनिंगचा मुकादम कोंडीबा लोखंडी पाचरी घेऊन आला. मोठ्या चाकात बसायच्या, अगदी मापाच्या. पहिली घासून झाली, ती त्यानं नेली, बसवली, आणि दुपारी तीच हातात घेऊन तो परत आला.

"सोनाजी, ही बसली बराबर. पन हात कुनाचा हाय? तुझी कानस जरा तिरपी पडती. ही सरळ हाय."

केशरबाई बोल्टच्या डब्याकडं वळली.

"हिचा हाय," सोनाजी म्हणाला. "मला दिसत न्हाई आता, कोंडीबा. दोन वर्सं झाली."

कोंडीबा दारातच थांबला. त्यानं एकदा सोनाजीकडं बघितलं, एकदा केशरबाईच्या काळवंडलेल्या बोटांकडं. पाचर उन्हात नेऊन चारी अंगांनी फिरवून पाहिली. वीस वर्षं तो या शेडमध्ये येत होता. आत येऊन त्यानं पिशवीतली दुसरी पाचर काढली आणि ती केशरबाईच्या पुढ्यात ठेवली.

"उद्या सकाळी लागंल, वैनी," तो म्हणाला.

लोखंडाचा आवाज ऐकून सोनाजीचा हात सवयीनं पुढं गेला होता. तो अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यानं शिकंज्याची मूठ शोधली, आणि तिच्यासाठी सावकाश जबडा उघडत नेला.