नळीचं तोंड

विश्वजीतनं दौंडच्या घरात माशांची चार फुटी टाकी मांडली आणि तिच्याखाली कपाटात दुसरी बसवली. वरचं पाणी खाली येऊन गाळलं जायचं आणि मोटरीनं पुन्हा वर चढायचं. माशांना हा दुमजली थाट कशाला, म्हणून त्याचे वडील सर्जेराव सकाळपासून धुसफुसत होते.

दुपारी लाईट गेली. मोटर थांबली, पण पाणी थांबेना. वर चढवणाऱ्या नळीतूनच ते उलटं उतरलं आणि खालची टाकी भरून फरशीवर ओघळ आले.

"आबा, फडकं आणा!"

सर्जेरावांनी वरच्या टाकीत हात घालून नळीचं तोंड पाण्याबाहेर उचललं. नळीत हवा शिरली, धार तुटली.

"आरं, वडगावला हौदाचं पाणी असंच नळीनं वाफ्यात घ्यायचो. तुझी आई हौदावर बसायची. वाफा भरला की मी हाळी द्यायचो, ती तोंड उचलायची. बोलवावं तवा कवा पहिल्या हाकेला आली न्हाई, पर तिथं चुकली न्हाई."

विठाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

सर्जेरावांनी खिळा तापवला आणि पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर नळीला भोक पाडलं. "पाणी भोकाखाली उतरलं की हवा आपसूक शिरंल. आता उचलायला कुणी नको."

लाईट आल्यावर विश्वजीतनं मुद्दाम मोटरीचं बटण बंद केलं. सर्जेराव खालच्या टाकीपाशी उकिडवे बसले. पाणी काठाजवळ आलं, तसे ते सवयीनं ओरडले, "बास गं! उचल!"

वर नळीनं हवा घेतली. पाणी थांबलं.

पहिल्या हाकेला.