लाल त्रिकोणाचा गैरसमज

लिंबेवाडीत माणसाला पाजतात ते औषध आणि कपाशीवर मारतात तेही औषधच. शब्द एक असल्यामुळे गावाची मोठी सोय झाली होती. औषधानं कधी कुणाचं वाईट होतं का? गडीमाणसं बाटलीचं सील दातानं तोडत, बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळत आणि त्याच हातानं तंबाखू मळत. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं होतं, "काय हुत न्हाई." शेवगाव तालुक्याच्या या टोकाला हा मंत्र इतका सिद्ध होता, की त्यापुढे बाटलीवर छापलेली कवटीही हात टेकून बसली होती. कवटी म्हणजे कंपनीची खूण, असं गावानं ठरवून टाकलं होतं. कुणाची खूण हत्ती असते, कुणाची कमळ, यांची कवटी.

सूर्यभानाला मात्र झालं. १९९५च्या भादव्यात बन्सीपाटलाच्या कपाशीत सकाळपासून औषध मारत होता, वारं तोंडावर होतं. तिसऱ्या प्रहरी पंपासकट सरीत पडला. तोंडाला फेस. कांद्याच्या टेम्पोत घालून त्याला नगरला नेलं. अकरा दिवसांनी परत आला तो हात थरथर कापत. बशीतला चहा तोंडाशी जाईपर्यंत निम्मा पायजम्यावर.

बन्सीपाटलानं या प्रकरणाची पारावर बसल्या बसल्या चौकशी केली आणि निकाल दिला, "उपाशीपोटी पंप घेतला गड्यानं. औषधाचा काय दोष?" गावानं मान डोलावली. सूर्यभानाची बायको गोजरबाई हिनं त्या दिवशी दोन भाकरी आणि पिठलं स्वतःच्या हातानं वाढलं होतं. पण चौकशीत तिची साक्ष घ्यावी असं कुणाला वाटलं नाही.

पुढच्या हंगामात तोच पंप सूर्यभानाच्या धाकट्या भावाच्या, सहादेवाच्या पाठीवर आला. सहादेवाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि अंगात रग होती. गोजरबाईनं हात जोडले, "भावजी, ती बाटली नका हो धरू. दादांचं काय झालं बघितलं न्हवं?"

"काय हुत न्हाई वहिनी. दादा उपाशी हुता."

गोजरबाईला अक्षर येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. तिनं बांधावर पडलेली रिकामी बाटली उचलून निरखली. एका कोनावर उभा केलेला चौकोन. वरच्या अर्ध्यात कवटी. खालचा अर्धा लालभडक, टोक खाली केलेला त्रिकोण. हा त्रिकोण तिनं कुठंतरी पाहिला होता. कुठंतरी कशाला, रोजच पाहत होती. चावडीच्या भिंतीवर आरोग्य खात्यानं हाच त्रिकोण पुरुषभर उंचीचा रंगवून ठेवला होता, कुटुंबनियोजनाचा.

गोजरबाईनं दळणाचा डबा उचलला आणि गिरणी गाठली. गिरणीच्या खडखडाटात गुपित ओरडूनच सांगावं लागतं, म्हणून तिनं गिरणीच निवडली होती. शेजारची रंगुबाई तिथं दळणाला आलेलीच होती.

"रंगुबाई, त्या लाल तिरकुनाच्या बाटलीत काय असतंय म्हाईत हाय का? चावडीवर हाय तेच!"

"म्हंजी नसबंदीचं?"

"अगं हळू बोल की!" गोजरबाई बोंबलून म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत गावात एकही गडी असा उरला नाही ज्याला ते कळलं नव्हतं. आणीबाणीत या गावातून सात जणांना जीपमध्ये घालून नेलं होतं. तो किस्सा अजून ताजा होता, आणि त्यात दरसाल नवा तपशील निघे. जे गडी मरणाला भीत नव्हते ते बाटलीला भिऊ लागले. दुसऱ्या दिवशी बन्सीपाटलानं शिव्या घातल्या, कामावरून काढीन म्हणाला, पण लाल बाटलीला कुणी शिवेना. शेवटी त्यानं चरफडत पिवळ्या त्रिकोणाचं औषध आणलं. दोन हंगाम गेले. कुणाला उलट्या झाल्या, कुणी डोकं धरून बसलं, पण टेम्पो परत नगरला गेला नाही. जे काम कवटीला जमलं नव्हतं ते गोजरबाईच्या एका दळणात झालं होतं.

१९९८ साली कपाशीवर बोंडअळी आली ती असली तसली नव्हती. बन्सीपाटलानं लाल बाटल्यांचं खोकं आणून गोठ्यात ठेवलं आणि नगरला जाऊन अर्ज दिला : आमच्या गावी शेतमजुरांना औषध फवारणीचं सुरक्षा प्रशिक्षण मिळावं. मजुरांच्या जिवाची इतकी काळजी वाहणारा शेतकरी खात्यानं प्रथमच पाहिला असावा. अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला.

सोमवारी सांजेला सहादेव घरी सांगत आला, "पाटील म्हनला, मंगळवारी साहेब येऊन समदं समजावनार. बुधवारी लाल पंप भरायचा."

"आन तुमी भरनार?"

"साहेबांनी सांगितलं तर भरायला काय? सरकारी मानूस खोटं बोलतोय व्हय?"

आत दीपा, सहादेवाची बायको, चुलीपुढं बसली होती. सूर्यभान दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी पीत होता, आणि तांब्या दातावर वाजत होता.

मंगळवारी शाळेच्या पटांगणात कापडी फलक लागला. साहेबाचं नाव गंधार उपासनी. तरुण, मेहनती, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आल्या आल्या त्यानं गावाची भाषा सुधारायला घेतली.

"सगळ्यात आधी, औषध म्हणायचं नाही. ते विष आहे. विष म्हणायची सवय लावा."

मागून एक म्हातारा उठला. "म्हंजी साहेब, घरी गेल्याव बायकूनं इचारलं कुठं हुता, तर 'पाटलाला इख घालून आलो' असं सांगायचं का?"

पटांगण हसलं. बन्सीपाटीलही हसला, जरा उशिरानं.

मग साहेबांनी खोकं उघडलं. टोपी, चष्मा, नाकातोंडाचा मुखवटा, रबरी हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट. हे सगळं घातल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, असा नियम त्यांनी तीनदा सांगितला. नियम बेचाळीस मजुरांना होता. संच एक होता. तो सहादेवाला चढवण्यात आला. नगरहून आणलेल्या फोटोवाल्यानं समोरून, बाजूनं आणि पंप पाठीवर घेऊन असे तीन फोटो काढले. आतल्या घामानं चष्म्याला वाफ धरली, आणि सहादेव फोटोवाल्याऐवजी शाळेच्या घंटेकडे बघून हसला.

"सहादेवा, चांदाव निघाला का रं?" मागून गडी ओरडले.

"जाताना उपाशी जाऊ नको, पाटील नाव ठिवतील!"

सूर्यभानाला पहिल्या रांगेत बसवलं होतं, अनुभवी फवारणी कामगार म्हणून. त्याच्या हातात चहाची बशी दिली होती. बशी वाजत होती. वाऱ्याकडे पाठ करावी, दुपारी फवारू नये, काम झाल्यावर साबणानं आंघोळ करावी, असं साहेब सांगत होते. चांगलंच सांगत होते. साबण कुणी द्यायचा, आणि दुपारी पाटील घरी जाऊ देतील का, हे त्यांच्या तक्त्यावर नव्हतं.

शेवटी त्यांनी बाटलीच्या लेबलचा मोठा तक्ता टांगला आणि छडी लाल भागावर ठेवली. "हा लाल त्रिकोण कशाचा, कोण सांगेल?"

बायकांनी पदर तोंडावर घेतले. गडी जमिनीकडे बघू लागले.

"लाजता काय? सांगा!"

मुखवट्यातून सहादेवाचा घुमलेला आवाज आला, "नसबंदीचा, साहेब."

उपासनीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो मनापासून हसला, आणि हसणं आवरून अतिशय पोटतिडकीनं समजावू लागला. लाल म्हणजे सर्वांत विषारी, पिवळा त्याखाली, मग निळा, मग हिरवा. चावडीवरच्या त्रिकोणाचा आणि याचा काडीचा संबंध नाही. निव्वळ गैरसमज.

सहादेवानं मुखवटा वर केला. "म्हंजी पोराबाळाच्या बाबतीत काय भ्या न्हाई?"

"अजिबात नाही!"

"सर्वांत विषारी" हे शब्द पटांगणावरून वाऱ्यासारखे निघून गेले. "अजिबात नाही" मात्र बरोबर मनात शिरले. गोजरबाई एकेकाचं तोंड बघत होती. दोन वर्षं ताणलेल्या कपाळावरच्या आठ्या सुटत होत्या, आणि त्या जागी जुनं "काय हुत न्हाई" येऊन बसत होतं.

"ऐकलं का रे?" बन्सीपाटील उठून म्हणाला. "साहेबांच्या तोंडून ऐकलं. आता उद्या लाल!" आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तरी गोजरबाई उभीच होती.

"साहेब, एक मागू का?"

"बोला ना मावशी."

"आत्ता बोलला तेवढं कागदावर लिवून द्या. ह्या औषधानं गड्याला पोरं व्हायला काय बी अडचन येत न्हाई म्हून. खाली सही आन शिक्का."

"त्याची काय गरज आहे?"

"तुमाला न्हाई साहेब. पर आमचं गाव अडानी. तोंडचं इसरतं. कागद आसला की ऱ्हातं."

बन्सीपाटलाचा चेहरा खुलला. या बाईच्या डोक्यात प्रथमच काहीतरी शहाणपणाचं आलं असं त्याला वाटलं. "द्या की साहेब! झकास लिहून द्या. मी चावडीवर चिकटवतो, त्या त्रिकोणाशेजारीच."

उपासनीनं खिशातलं एक पेन काढलं. "प्रमाणित करण्यात येते की," एवढं वळणदार अक्षरात लिहिलं, आणि पेन थांबलं. त्यानं पिशवीतून पुस्तिका काढली, मागचं एक पान उघडलं, मिटलं, परत उघडलं. चार वर्षांच्या नोकरीत त्यानं तोंडानं बरंच काही सांगितलं होतं. सही मात्र प्रवासभत्त्याच्या बिलापलीकडे कशावर केली नव्हती.

"असं आहे," तो म्हणाला, "दीर्घकालीन परिणामांवर संशोधन चालू आहे. मला वरिष्ठांना विचारावं लागेल."

"म्हंजी खात्री न्हाई?" मागचा म्हातारा म्हणाला.

"खात्री आहे हो! पण लिहून देता येत नाही."

सरकारी माणूस खोटं बोलतो की नाही याबद्दल लिंबेवाडीत दोन मतं असतील. पण जे तो लिहून देत नाही ते काय असतं, याबद्दल एकच मत होतं. तलाठ्यापासून पाटबंधारे खात्यापर्यंत सगळ्यांनी ते गावाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं.

सहादेवानं आधी एक हातमोजा काढला, मग दुसरा. टोपी काढून खोक्यात ठेवली. "पाटील," तो हळूच म्हणाला, "लाल न्हाई जमनार."

"अरे, साहेब सांगतायत ना!"

"सांगत्यात. लिवत न्हाईत."

रंगुबाईला हसू आवरेना. पदराआड तिचा खांदा हलत होता. बन्सीपाटलानं साहेबांकडे असं पाहिलं, की अर्ज मागे घेता आला असता तर त्यानं जागच्या जागी घेतला असता.

पुढं फक्त कागदपत्रं उरली. संच मोजून खोक्यात गेला, कारण दुपारी पुढच्या गावीही मजुरांचं रक्षण करायचं होतं. हजेरीवर बेचाळीस जणांचे अंगठे घेतले. सूर्यभानाचा अंगठा कागदावर टेकला आणि थरथरत एकाच रकान्यापासून खाली तीन ठिकाणी उमटला. पुसायची सोय नव्हती. उपासनीनं क्षणभर विचार केला आणि खालच्या दोन रकान्यांत दोन नावं भरली. चव्वेचाळीस मजूर प्रशिक्षित झाले. गैरसमजांच्या रकान्यात त्यानं लिहिलं, "पूर्णतः दूर करण्यात आले."

जीप धुरळा उडवत गेली. अर्धवट लिहिलेला कागद बाकावर राहिला होता. गोजरबाईनं तो घडी घालून कनवटीला लावला. "प्रमाणित करण्यात येते की," एवढंच त्यावर होतं. तेवढं तिला पुरे होतं.

बुधवारी लाल खोकं गोठ्यातच राहिलं. बन्सीपाटलानं माणूस पाठवून शेवगावहून पिवळ्या त्रिकोणाच्या बाटल्या आणवल्या. गोजरबाई भाकरी घेऊन बांधावर पोचली तेव्हा सहादेव बाटलीचं सील दातात धरून तोडत होता.

"भावजी!"

"पिवळं हाय वहिनी." त्यानं सील थुंकून टाकलं. "लाल न्हाई. काय हुत न्हाई."

आणि हात कोपरापर्यंत बादलीत घातला.

गोजरबाईनं बाटली उचलली. खालचा अर्धा पिवळाधमक होता. ती बराच वेळ तो रंग बघत राहिली. माणसाला पिवळं करणारं काय काय असतं, हे ती आठवत होती. गेल्या साली वरच्या आळीत कावीळ आली तेव्हा डोळे पिवळे झालेल्या माणसाच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं.

घरात पीठ भरपूर होतं. तरी तिनं दळणाचा डबा उचलला आणि गिरणीची वाट धरली.