एकशे ऐंशीपर्यंत

मावशीने हवेचा कॉक फिरवला आणि पिंपातला खळखळाट थांबला.

आता दहा मिनिटं थांबायचं. वर काळं फडकं, खाली तळाच्या काचेशी दिवा. मिठाच्या पाण्यात अंड्यांतून फुटलेले आर्टेमियाचे जीव, माशांच्या पिल्लांचा चारा, वाळूच्या कणाएवढे, उजेडाच्या ओढीने तळाशी जमतात. रिकामी तपकिरी टरफलं वर तरंगतात. मग खालची तोटी सोडून नारिंगी धार गाळणीत धरायची आणि टरफलं यायच्या आत तोटी बंद करायची. माशाच्या पिल्लाने टरफल गिळलं की आतडं तुंबतं, खेळ खलास.

तोटी कधी बंद करायची ते डोळे सांगतात. बावीस वर्षं सांगत होते. गेले दोन महिने मात्र नारिंगी काय नि तपकिरी काय, सगळं धुक्यात. म्हणून ती मनात आकडे मोजायची. एकशे ऐंशीला तोटी बंद. कुणाला पत्ता लागला नाही. या हॅचरीत माशांच्या पिल्लांचे डोळे रोज भिंगाखाली बघतात. मावशीचे बावीस वर्षांत कुणी बघितले नव्हते.

परवा आर्टेमियाच्या अंड्यांचा नवा डबा फोडला. माल हलका, निम्मी अंडी फुटलीच नाहीत. धारेतले जीव लवकर संपले, आकडा तोच राहिला. आज सकाळी चार नंबरच्या टाकीत पिल्लं उताणी तरंगत होती.

सुपरवायझरने पंपवाल्याची गचांडी धरायचीच बाकी ठेवली होती. हवा कमी पडली, तू डुलक्या काढत होतास, दुपारपर्यंत चालता हो. पंपवाला पन्नाशीचा, रोज येता-जाता 'मावशी, तुमच्या किड्यांना माझा नमस्कार सांगा' म्हणणारा. तो पंप चालू असल्याचं घसा फोडून सांगत होता. ऐकतो कोण?

भिंतीपलीकडचं सगळं मावशीला ऐकू येत होतं. तोंड उघडलं तर उद्यापासून घरी. घरी म्हणजे सुनेच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वाटेत येणारं एक पोतं. आता हीच धार तीन नंबरला जाणार होती.

तिने तोटी सोडली. एक, दोन... नव्वदला हात थांबला. पुढचा आकडा जिभेवर येईना. तिने तोटी आवळली आणि गाळणी घेऊन बाहेर आली.

"साहेब, यात टरफलं आहेत का बघा."

"मावशी, ते तुम्ही मला सांगायचं."

"मला दिसत नाही."

सुपरवायझर हळूच म्हणाला, "कधीपासून?"

"दोन महिने झाले. हवा बरोबर होती, याला कशाला ओरडताय? चार नंबरला टरफलं मी घातली."

सुपरवायझरने गाळणी तिच्या हातातून काढून घेतली. पंपवाल्याची माफी कुणी मागितली नाही. असल्या जागी ती पद्धत नसते. पंपवाला मावशीकडे बघत राहिला आणि त्या दिवशी त्याने किड्यांना नमस्कार सांगितला नाही.

मावशी आत आली. पिंपाच्या तळाशी उरलेले जीव हवेवाचून गुदमरत असतील. तिने भिंत चाचपत कॉक शोधला, उघडला. खळखळ सुरू झाली. एक बुडबुडा अडखळत होता. तिने नळी जरा वर ओढली, आवाज सरळ झाला.

कान अजून शाबूत होते.